बिनक्लचच्या गाडीची वरात

आर्वीत उघड्या टपाची परदेशी मोटार घेणारा पहिला माणूस मी. शेवटचाही मीच. माझ्यानंतर कुणी घेतली नाही, कारण माझ्या गाडीचं काय झालं ते अख्ख्या आर्वीनं भर रस्त्यात, बँडच्या तालावर, फुकटात पाहिलं.

आधी एक गोष्ट सांगून ठेवतो. मला राग येत नाही. हे मी गेली तीस वर्षं टेबलावर मूठ आपटून सांगतो आहे, पण घरात एकालाही ते पटत नाही!

माझं बिछायत केंद्र आहे. मंडप, खुर्च्या, गाद्या, गंज-पातेली, कढया असं लग्नाला लागणारं सगळं भाड्यानं मिळतं. नवरदेव सोडून. पण नवरदेवाला मिरवायची उघडी जीप मात्र माझ्याकडे होती, आणि ती चालवायला गुलाबराव होता. गुलाबराव माझ्याकडे बावीस वर्षं होता. त्याचं सगळं कौशल्य त्याच्या डाव्या पायात. वरातीत गाडी चालवणं म्हणजे काय, हे ज्यानं केलं नाही त्याला कळायचं नाही. गाडीच्या पुढे बँड, बँडच्या पुढे नाचणारे, नाचणाऱ्यांच्या पुढे उलट्या पावलानं चालणारा व्हिडिओवाला. गाडी दोन पावलं पुढे, उभी. एक पाऊल पुढे, उभी. मग नवरदेवाच्या मामाच्या अंगात येतं आणि गाडी वीस मिनिटं उभीच. असं तीन तास. गुलाबराव क्लच अर्धा दाबून असा काही धरायचा की गाडी सरकायची, पण नवरदेवाच्या मुंडावळ्या हलायच्या नाहीत.

त्या अर्ध्या क्लचपायी लग्नसराई संपेपर्यंत क्लचप्लेट जळून जायची. दरवर्षी! जून लागला की गुलाबराव माझ्या टेबलासमोर येऊन चपलेकडे पाहत उभा राहायचा आणि मी समजून जायचो.

“जळाली?”

“जळाली, भाऊ.”

“काऊन जळते हे दरवर्षी? पाय हाय का पाटा हाय तुहा?”

“भाऊ, वरात म्हनजे अर्ध्या क्लचचं काम हाय. पुरा सोडला तं बँडवाला खाली येते, पुरा दाबला तं गाडी सरकत नाई.”

“म्हनजे चूक बँडवाल्याची?”

“चूक कोनाचीच नाई जी. ते जळाचीच वस्तू हाय.”

हे असं शांतपणे सांगायचा! समोरचा माणूस शांत असला की माझं डोकं जास्त फिरतं. मी टेबलावर मूठ आपटायचो, तो नवी प्लेट आणायला जायचा, आणि पुढच्या जूनपर्यंत विषय संपायचा.

दोन हजार सालानंतरचं दशक संपत आलं होतं. आमचं रस्त्याकडचं बरड रान बायपासमध्ये गेलं, त्याचा मोबदला आला आणि त्याच साली माझी एकुलती एक पोरगी, वर्षा, तिचं लग्न जमलं. मी ठरवलं की आर्वीत आजवर कुणाचा नवरदेव बसला नसेल अशा गाडीत माझा जावई बसेल. नंतर तीच गाडी लग्नांना भाड्यानं देऊ. नागपूरच्या एका शोरूममध्ये परदेशी कंपनीची उघडी गाडी ऑर्डरवर मिळते असं कळलं. कळ दाबली की टप आपोआप मागे जाऊन दुमडतो!

“चांगलं हाय,” माझी बायको शोभा म्हणाली. “उन्हात सरगुंडे, शेवया वाळवाची सोय झाली.”

मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. (रागावलो होतो, पण लक्ष दिलं नाही.)

नागपूरला आम्ही तिघं गेलो. मी, वर्षा आणि गुलाबराव. वर्षा पॉलिटेक्निकला यंत्रांचीच शाखा शिकलेली, त्यामुळे ती बरोबर हवी होती. म्हणजे तिचं ऐकायला नव्हे, नुसती बरोबर हवी होती. शोरूममधला पोरगा गळ्यात टाय लावून उभा. नागपुरी माणूस, अर्धं हिंदी अर्धं मराठी.

“सर, इसमें दो ऑप्शन हैं. एक साधा गिअरबॉक्स, क्लचवाला. पंधरा दिवसांत गाडी देतो. दुसरा एकदम लेटेस्ट, ऑटोमॅटिक, डबल क्लच. उसके लिए तीन महिने रुकना पडेगा.”

“डबल?” माझा आवाज चढला. “मी एका क्लचनं परेशान हावो अन् तू मले दोन देऊन राह्यला?”

“नाही नाही सर! तुम्हाला काहीच दाबायचं नाही. क्लच अंदर होते हैं. एक गिअर चालू असतो ना, तेव्हा दुसरा क्लच पुढचा गिअर तयार ठेवतो. झटकाच बसत नाही!”

“पायाखाली क्लच किती?”

“पायाखाली एकही नाही सर. दोनच पेडल. ब्रेक आणि रेस.”

“झालं मंग! हेच लिही!”

वर्षानं माझी बाही ओढली. “बाबा, पण आत दोन आहेत म्हणून राह्यले ना ते.”

“आत दोन असोत का दोनशे! गुलाबरावाचा पाय आत जात नाई!”

पोरगा फॉर्म भरायला लागला. “सर, यूज कैसा रहेगा? हायवे का सिटी?”

“वरात.”

“जी?”

“ताशी दोन किलोमीटर. तीन तास. मे महिन्यात.”

तो मनापासून हसला. गिऱ्हाइकानं विनोद केला की हसायचं असं त्यांना शिकवलेलं असावं. मी विनोद केलाच नव्हता. त्यानं फॉर्मवर ‘हायवे’ लिहिलं आणि मी खाली झोकात सही केली.

एवढ्यात गुलाबराव तिथं मांडलेल्या तसल्याच गाडीत जाऊन बसला होता. चपला बाहेर काढून ठेवून बसला होता. स्टिअरिंग धरून त्यानं डावा पाय इकडे फिरवला, तिकडे फिरवला, खाली वाकून पाहिलं, आणि घाबऱ्या चेहऱ्यानं मला विचारलं, “भाऊ, माह्या डाव्या पायाचं काय करू?”

“तो घरी ठेवून येजो!”

शोरूममधले सगळे हसले. चहावालाही हसला. मला माझ्या हजरजबाबीपणाचं फार कौतुक वाटलं. गुलाबराव उतरला, चपला घातल्या आणि बाहेर जाऊन आमच्या जुन्या जीपमध्ये बसून राहिला. बावीस वर्षं ज्या पायावर माझा धंदा चालला, त्या पायाची मी पाच-सहा टायवाल्यांसमोर टिंगल केली. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. आता वाटतं.

तीन महिन्यांनी गाडी आली. लालभडक! मी स्वतः चालवत आणली. वाटेत केळझरच्या गणपतीला नारळ फोडला, गुरुजींनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं. नागपूर ते आर्वी गाडी अशी आली की पोटातलं पाणी हललं नाही. गिअर कधी पडला, कधी बदलला, काही पत्ता नाही. मी घरी येऊन गुलाबरावाला चावी दिली.

“नाई जी,” तो म्हणाला. “माहा पाय बेकार झाला आता. मी जीपच चालवतो. लग्नाचा बर्फ, भाजीपाला आनीन.”

“आन मंग बर्फ! नवरदेवाची गाडी मी चालवीन!”

यावर शोभा स्वयंपाकघरातून लाटणं घेऊनच बाहेर आली. “पोरीचा बाप नवरदेवाची गाडी हाकते का कुठं? तुमी मांडवात पाह्यजे! पाव्हन्यायचं कोन पाहीन? कन्यादान काय ड्रायवर करीन?”

“बिनक्लचची गाडी हाय! अर्ध्या घंट्यात येतो!”

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी मी घरात शिरलो तर वर्षा दोन्ही हातांना मेंदी लावून बसलेली, समोर पाटावर गाडीचं माहितीपुस्तक उघडं, आणि ही कोपरानं पानं उलटून राह्यली!

“बाबा, यात लिहिलं आहे, गर्दीत गाडी ब्रेक सोडून-सोडून नुसती सरकवत ठेवू नका. आतले क्लच तापतात. म्हणजे गाडी स्वतःच अर्धा क्लच धरते, गुलाबकाकासारखा.”

“वर्षे! नवरीनं मंगलाष्टकं पाहावं, गाडीचं पुस्तक नाई!”

“बाबा, एकदा ऐका ना.”

“एकदा काय, शंभरदा ऐकलं! सोळा लग्नाचं काम पाह्यतो मी एका महिन्यात, मले वरात शिकवते!”

मला वाटलं ती रुसेल. ती रुसली नाही. नुसतं म्हणाली, “बाबा, मुहूर्त अकरा पस्तीसचा आहे. तो चुकू देऊ नका. मला तेवढंच पाहिजे.” त्यावर मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो की तुझा बाप या धंद्यात पंचवीस वर्षं आहे, एकाचाही मुहूर्त चुकला नाही. हे खरं होतं. (गुलाबरावामुळे खरं होतं, पण ते मी बोललो नाही.)

दुसऱ्या दिवशी साडेनऊला मारोतीच्या देवळापासून वरात निघाली. डोक्यावर गुलाबी फेटा बांधून मी स्टिअरिंगवर. बाजूच्या सीटवर आमचे इवाई, म्हणजे नवरदेवाचे वडील. टप उघडा. मागे जावईबापू उंच जागी शेरवानी घालून बसलेले. मे महिन्याचं ऊन साडेनऊलाच भट्टीसारखं. पण रुबाब काय सांगू! गच्चीगच्चीवर बाया उभ्या. ब्रेक सोडला की गाडी आपोआप सरकते, दाबला की उभी. डावा पाय मी मांडी घालून ठेवला होता, मुद्दाम, लोकांना दिसावा म्हणून.

पहिला तासभर झकास गेला. मग नवरदेवाच्या दोस्तांना रंग चढला. दहा पावलं पुढे यायचे, नाचत नाचत पंधरा मागे जायचे. मी ब्रेक सोडला, दाबला, सोडला, दाबला. मग कसलासा वास यायला लागला.

“पुऱ्या करपल्या कुठंतरी,” इवाई म्हणाले.

“माह्या मांडवात पुऱ्या करपत नाईत!” मी म्हणालो. इवायाशी असं बोलू नये हे मला माहीत आहे, पण पंचवीस वर्षांच्या धंद्यावर बोट ठेवलं त्यांनी!

मग टिंग टिंग वाजायला लागलं. समोरच्या पडद्यावर लाल अक्षरात काही उमटलं. चष्मा माझ्या रोजच्या शर्टाच्या खिशात, आणि रोजचा शर्ट घरी खुंटीवर.

“इवाई, वाचा बरं काय लिहिलं ते.”

इवायांनी बराच वेळ निरखून पाहिलं. “इंग्रजी हाय,” ते म्हणाले.

हे मला चष्म्याशिवायही दिसत होतं! मी मोबाइल काढून वर्षाला लावला. मांडवातून शालूचा सळसळाट आणि बायकांचा गलका ऐकू आला.

“वर्षे, गाडी टिंग टिंग करून राह्यली. लाल लाल काहीतरी दाखवते.”

“दातऱ्या चाकाचं चित्र आहे का बाबा? मी काल तेच सांगत होते! थांबा, पान काढते.” मग मागे कुणालातरी म्हणाली, “आत्या, पुस्तक धर जरा, माझ्या हातात पूजेची सुपारी आहे.” आणि मग वाचलं, “गाडी बाजूला लावा, इंजिन थंड जागी अर्धा तास थंड होऊ द्या.”

“थंड जागी? आर्वीत? मे महिन्यात? थंड जागा राह्यली असती तं मीच नसतो का गेलो तिथं!”

“नाहीतर मग वेगानं चालवा बाबा. गाडी पळाली की क्लच थंड होतात.”

वेगानं! समोर साठ माणसं नाचत होती. घड्याळात दहा पंचेचाळीस. मी सीटवर उभा राहिलो आणि जिवाच्या आकांतानं ओरडलो, “पळा!”

बँडमास्तर बिचारा धावत गाडीजवळ आला. “काय झालं भाऊ?”

“पळा म्हनतो! सगळे पळा! गाडी जोरात चालवाची हाय!”

“पळता पळता वाजवाचं कसं जी?”

“मंग वाजवू नका! नुसते पळा!”

“अन् न वाजवता पळालो तं लोक काय म्हनतीन? मारून पळवलं म्हनतीन.”

शेवटी त्यानं एक जलद चाल धरली आणि बँड पळाला. बँड पळाला म्हणून दोस्त पळाले. दोस्त पळाले म्हणून नवरदेवाच्या मावश्या पैठण्या खोचून पळाल्या. हातगाडीवरचा जनरेटर खडखडत पळाला. व्हिडिओवाला उलटा पळत होता, तो भाजीवाल्याच्या टोपल्यात बसला, तरी शूटिंग सोडलं नाही. आर्वीत धावती वरात याआधी कुणी पाहिली नव्हती. दुकानदार शटर ओढायला लागले, कुठंतरी काहीतरी झालं असं समजून! माझी गाडी वीस-पंचवीस पावलं अशी सुरेख धावली की मला वाटलं जमलं. तेवढ्यात दोस्तांना वाटलं की ही नाचायची नवी पद्धत आहे. ते आले तसेच उलटे फिरून पळत गाडीवर चाल करून आले, आणि मी कचकन ब्रेक दाबला.

तिथंच, बरोबर एस्टी डेपोच्या फाटकासमोर, गाडी संपली. इंजिन चालू, टिंग टिंग चालू, बँड चालू, गाडी बंद. मी रेस दिली की ती नुसती गुरगुरायची.

“इवाई,” नवरदेवाच्या वडिलांनी बाजूनं मला विचारलं, “पेट्रोल टाकलं होतं ना?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी गिअरचा दांडा मारला पुढे पार्किंगमध्ये, चावी काढली आणि हातातलं फेकायची मला जी घाणेरडी सवय आहे तिच्यापायी ती चावी आकाशात भिरकावून दिली. शेजारून एक बस कशीबशी अंग चोरत निघाली होती. चावी तिच्या टपावर जाऊन पडली, टण्ण असा आवाज झाला आणि बस गेली. पाटी मला चष्म्याशिवायही वाचता आली. पुलगाव.

“काही हरकत नाई,” नवरदेवाचे मामा शेरवानीच्या बाह्या सारून म्हणाले. “धक्का मारा रे!”

तीस-पस्तीस लोक लागले. नाचून तापलेली तरणीताठी पोरं! गाडी इंचभर हलली नाही. घामाघूम झाल्यावर मी वर्षाला पुन्हा फोन लावला.

“बाबा, दांडा पार्किंगमध्ये आहे का?”

“हो.”

“मग चाकं बंद असतात. चावी लावून दांडा मागे घ्या.”

“चावी पुलगावले गेली.”

फोनमध्ये मागं मंगलवाद्यं वाजायला लागली होती. मग ती म्हणाली, “बाबा, अकरा वाजले.” आणि तिचा आवाज कापला. मेंदीच्या हातांनी कोपरानं पुस्तक वाचणारी माझी पोरगी, कधी रडत नाही. राग होता, पण या खेपेला ज्याच्यावर होता त्याला मी ओरडू शकत नव्हतो, कारण तो फेटा बांधून माझ्याच चपलेत उभा होता.

फाटक अडलं होतं. आत बसा ओळीनं भोंगे वाजवत होत्या. कंडक्टर शिव्या देत होते. आर्वीहून निघू न शकलेले प्रवासी खाली उतरून आमच्या वरातीत नाचायला लागले होते. आणि या सगळ्या गोंधळाच्या मागे, अडकलेल्या गाड्यांच्या रांगेत, मला आमची जुनी जीप दिसली. मागे बर्फाच्या लाद्या, त्यावर गोणपाट, आणि स्टिअरिंगवर गुलाबराव, हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवून शांत बसलेला.

मी गेलो. फेटा कलला होता.

“गुलाबराव, नवरदेवाले मांडवात न्या लागते.”

“न्या ना भाऊ.”

“मी नाई, तू ने!”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग खाली क्लचकडे पाहिलं. “भाऊ, तुमी म्हनलं होतं ना, डावा पाय घरी ठेवून येजो म्हनून. तो मी ठेवला घरी. आता जाऊन घेऊन येऊ का?”

पाच मिनिटांपूर्वी असं बोलला असता तर मी तिथंच काहीतरी फेकलं असतं. हातात फेकायला काही नव्हतंही. “माफ करजो गुलाबराव,” मी म्हणालो. “माह्या तोंडाले लगाम नाई. चूक माही होती. वर्षाचा मुहूर्त हाय.”

बावीस वर्षांत मी त्याला पहिल्यांदाच असं काही बोललो होतो. तो गडबडला. “असं नका बोलू जी. वर्षा काय माही पोरगी नाई का? बसवा नवरदेवाले!”

जीपमध्ये जागा फक्त बर्फावर. जावईबापूंना गोणपाटावर बसवलं. त्या उन्हात, त्या जाड शेरवानीत, अख्ख्या वरातीत एकटा नवरदेव गारेगार! तोंडावर पहिल्यांदाच हसू आलं पोराच्या. इवाई पुढे बसले आणि म्हणाले, “इवाई, बर्फाची सोय मस्त केली हां.” मला बसायला जागाच उरली नाही. गुलाबरावानं क्लच दाबला, जीप गर्दीतून अशी सरकली की फाटकातल्या बसवाल्यालाही ती कधी गेली ते कळलं नाही. मी मागून फेटा हातात घेऊन पळत सुटलो.

मी मांडवात पोचलो तेव्हा अंतरपाट धरलेला होता आणि शेवटचं मंगलाष्टक चालू होतं. घड्याळात अकरा पस्तीस. मुहूर्त चुकला नव्हता. फेटा कसाबसा डोक्यावर चढवून धापा टाकत मी अक्षता टाकल्या, त्या पुढच्या गुरुजींच्या टकलावर पडल्या. वर्षानं अंतरपाटाच्या कडेनं मला पाहिलं आणि डोळे पुसत हसली. लग्नाचे सगळे फोटो समोरून काढावे लागले. जावईबापूंची शेरवानी मागून ओलीचिंब होती. शोभा माझ्याकडे पाहतही नव्हती. कन्यादानाला शेजारी बसल्यावर मात्र तिनं माझ्या डोक्यावरचा फेटा नीट केला, जरा जोरातच.

संध्याकाळी पुलगावच्या बसच्या कंडक्टरनं चावी आणून दिली. पोरीची पाठवणी झाली. सगळ्या बाया रडत होत्या. वर्षा माझ्या गळ्यात पडून रडली आणि जाता जाता माझ्या हातात एक वस्तू दिली. मला वाटलं काहीतरी आठवण दिली असेल. ते गाडीचं पुस्तक होतं. एका पानाचा कोपरा दुमडलेला, आणि त्यावर मेंदीचा डाग.

गाडी ट्रकवर टाकून नागपूरला नेली. तिथल्या मिस्त्रीनं ती खोलली, हात पुसले आणि म्हणाला, “सर, दोनों गए.”

“दोन्ही काय?”

“क्लच. एक असता तर परवडलं असतं. इसमें दो होते हैं ना.”

ती गाडी आता गोडाऊनमध्ये उभी आहे. टप उघडायची कळ अजून चालते. उन्हाळ्यात शोभा कामावरच्या पोरांकडून ती ढकलून अंगणात आणते, टप उघडते आणि आतल्या चामड्याच्या सीटवर पांढरं धोतर अंथरून त्यावर सरगुंडे वाळत घालते. वाळतातही चांगले.

त्या साली जून लागला. गुलाबराव नेहमीसारखा माझ्या टेबलासमोर येऊन चपलेकडे पाहत उभा राहिला.

“जळाली?” मी विचारलं.

“जळाली, भाऊ.”

सवयीनं माझी मूठ टेबलावर आपटायला वर गेली. गुलाबरावानं मान वर केली, माझ्या मुठीकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, “पन भाऊ, एकच जळाली.”

माझी मूठ तशीच डोक्यावर गेली, आणि डोक्यावर फेटा नसतानाही मी तो नीट केला.